ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा

धुराने भरलेल्या घरात शिरायच्या आधी आम्ही फायर ब्रिगेडवाले एक साधी गोष्ट करतो. पाठीवर हवेचा सिलिंडर चढवला, तोंडावर मास्क लावला, की आपला पिवळा बिल्ला काढून दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. तो माणूस बिल्ला बोर्डावर लटकवतो, त्याच्यासमोर हवा किती आहे आणि आत गेल्याची वेळ लिहितो, आणि आतला बाहेर येईपर्यंत घड्याळावरची नजर हलवत नाही. बाहेर आल्यावर बिल्ला स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. दुसऱ्याने काढायचा नाही, मग तो दोस्त असो नाहीतर साहेब. बोर्डावर एक जरी बिल्ला लटकत असला तर एक माणूस अजून आत आहे, इतका सरळ अर्थ.

हे बोर्डाचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बाई. तसं तोंडावर कोणी म्हणालं नाही. "तुझं अक्षर चांगलं आहे," असं म्हणाले. ब्रिगेडमध्ये भरती होताना खांद्यावर माणूस घेऊन मी पळून दाखवलं, शिडी चढून दाखवली, आणि चार वर्षांनी कशाचं कौतुक, तर अक्षराचं! मी चिडायचे. चिडणं हा माझा स्वभावच आहे. आई म्हणते, लालबागला मसाला कुटायच्या डंकाशेजारी जन्मलीस, दुसरं काय होणार.

माझ्या चिडण्याची सगळ्यात जास्त मजा घ्यायचा तो दादा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आमच्या स्टेशनातला सगळ्यात अनुभवी फायरमन. घर मूळचं कोकणातलं, पण जन्म गिरणगावातल्या चाळीत. एरवी तो आपल्या सगळ्यांसारखं मुंबईचं मराठी बोलायचा. मालवणी निघायची ती फक्त चेष्टेला. आत शिरताना दर वेळी माझ्या तळहातावर बिल्ला ठेवायचा आणि म्हणायचा, "सांभाळ गो माझो बिल्लो. हरवलंस तर माका आतच रवाचा लागतला." आणि मी म्हणायचे, "रहा आतच. शांतता तरी मिळेल."

असं मी अनेकदा म्हणाले आहे. आता ते आठवलं की जीभ चावते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला वर्दी आली. आगीच्या कॉलला आमच्यात वर्दीच म्हणतात. परळच्या बाजूला एका गल्लीत जुनी चाळ, तिसऱ्या मजल्यावरची खोली. आम्ही पोचलो तेव्हा गॅलरीत काळा धूर लोंबत होता आणि खाली माणसं एकाच वेळी दहा गोष्टी सांगत होती. दादा आणि आणखी एक जण आत गेले. मी जिन्याच्या तोंडाशी बोर्ड घेऊन उभी राहिले. दोन बिल्ले.

पाच मिनिटांत दुसरा जण एका म्हाताऱ्या बाबांना घेऊन बाहेर आला, त्याने आपला बिल्ला काढून घेतला. उरला एक. दादा मागच्या भागात शोधत होता. आत इतका धूर होता की त्याला स्वतःच्या हवेचा काटा दिसत नव्हता. तो माझ्या हिशेबावर चालला होता. हवा संपत आली की सिलिंडरची शिट्टी आपोआप वाजते. माझ्या हिशेबाने शिट्टी वाजायला अजून चार मिनिटं होती.

तेवढ्यात आत काहीतरी कोसळलं. नंतर कळलं, सामानाचा लाकडी माळा होता. त्या क्षणी मला दिसत होता तो फक्त बोर्डावरचा एक पिवळा बिल्ला. मी वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि म्हणाले, "दादा, हवा संपली. बाहेर ये. ताबडतोब."

हवा संपली नव्हती. मी खोटं बोलले.

तो बाहेर आला. मास्क काढून पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. दहा मिनिटांनी दुसरी तुकडी आत गेली तेव्हा मोरीत एक बाई सापडली. साठीची असेल. ओला टॉवेल तोंडाशी धरून, दार आतून ओढून घेऊन, मोरीच्या कोपऱ्यात बसलेली. ती नेमकी कधी गेली हे कोणालाच सांगता आलं नाही.

दादाने त्या दिवशी बिल्ला काढून घेतला नाही. गाडीत जाऊन बसला. साहेब म्हणाले, बोर्ड बंद करा, निघायचंय. मी इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा बिल्ला स्वतःच काढून खिशात टाकला. नियम मोडला म्हणून नाही, पण काहीतरी अशुभ केल्यासारखं वाटलं. आठवड्याने पाहिलं तर दादा नवा बिल्ला लावून आला होता. हरवला असं सांगून त्याने तो घेतला होता. मला विचारलंसुद्धा नाही.

चौकशी झाली. दादाने सांगितलं, बोर्डावरून हाक आली म्हणून बाहेर आलो. मी सांगितलं, नियमाप्रमाणे हाक दिली. सगळं नियमात बसलं. पण शिट्टी वाजली नव्हती, हे दादाला माहीत असणार. तो माझ्याशी बोलेनासा झाला, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं की त्याला सगळं कळलंय आणि तो मला पाठीशी घालतोय. लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी आणखी चिडते. भांडी आपटायचे, बरोबरच्यांवर खेकसायचे. घरी कोणी विचारलं तर "बरी आहे." स्टेशनात कोणी विचारलं तर "बरी आहे."

तीन आठवड्यांनी वरून परिपत्रक आलं. दर स्टेशनातून एकाला दोन दिवसांचं प्रशिक्षण, मग त्याने आपल्या सहकाऱ्यांच्या मनाची काळजी घ्यायची. त्याला नाव दिलं होतं 'साथी'. आमच्या स्टेशनातून कोणाला पाठवलं असेल? बायकांना अशा गोष्टी समजतात म्हणे!

दादरच्या एका हॉलमध्ये आम्ही वीसेक जण खुर्च्यांचं रिंगण करून बसलो. शिकवायला एक डॉक्टरबाई होत्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र भारी. त्या म्हणाल्या, समोरच्याला विचारून दाखवा, तुझ्या मनात काय आहे. आम्ही सगळे म्हणायला लागलो, "बाबा रे, जिवाचं काही बरंवाईट तर नाही ना करणार?" बाईंनी टेबलावर हात आपटला. "बरंवाईट म्हणजे काय? त्यात बरं काय आहे? सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का मनात? विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. न विचारल्याने माणूस एकटा पडतो." मग जोड्या करून सराव. माझ्या वाट्याला एक मिशीवाला आला होता. धगधगत्या गोदामात शिरलेला माणूस, पण ते एक वाक्य उच्चारताना फिदीफिदी हसायला लागला. मीही हसले. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी आणखी काही खुणा सांगितल्या. माणूस एकाएकी शांत होतो. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकतो. आणि एक गोष्ट बजावली, समोरचा बोलत असताना आपली कर्मकहाणी त्याच्यावर लादायची नाही.

परत आल्यावर मी साथीपणा करायला गेले आणि तोंडावर आपटले. चहाचा कप दादासमोर ठेवून म्हणाले, "दादा, मन मोकळं कर." त्याने कपाकडे पाहिलं. "मन म्हणजे काय नळ आहे?" म्हणाला आणि उठून गेला. उत्तर त्याच्या पद्धतीचंच होतं. पण ते मालवणीत नव्हतं. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मग तो रविवार आला. रविवारी आमच्या मेसमध्ये दादा बांगड्याचं तिखलं करायचा, आणि त्या तिखल्यासाठी लोक सुट्टीच्या दिवशीही स्टेशनात डोकावायचे. त्याचा मसाला लालबागला कुटलेला, डबा कुलपात. प्रमाण त्याने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. साहेबांनी विचारलं तरी म्हणायचा, "मरताना सांगेन."

त्या रविवारी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि सांगायला सुरुवात केली. मिरच्या कोणत्या, किती, धणे वेगळे का भाजायचे, तिरफळं ठेचून नेमकी कधी टाकायची. आवाज शांत, एकेक वाक्य नीट. पोरं मोबाईलवर टिपून घेत होती, कोणी म्हणालं, "काय दादा, प्रमोशन झालं काय?" सगळे हसले. दादाही हसला. मग डब्याची किल्ली काढून त्याने मेसच्या खिळ्याला लटकवली.

माझ्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. दीड-दोन महिने त्या माणसाच्या तोंडून मालवणीचा एक शब्द निघाला नव्हता, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं.

दुपारी तीनला ड्यूटी सुटली. मी कपडे बदलून बाहेर येईपर्यंत दादा निघून गेला होता. फोन बंद. मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, फोन लावला. त्या म्हणाल्या, "येतील की सहापर्यंत. हल्ली ड्यूटी सहाला सुटते ना?"

रोजचे तीन तास तो कुठे जात होता? मला विचार करावा लागला नाही. पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. चालत दहा मिनिटांचा रस्ता मी पळत काढला. रविवार, बाजाराची गर्दी, पिशव्या घेतलेली माणसं समोर येत होती आणि मी एकेकाला ढकलत होते. एका बाईने मला सणसणीत शिवी घातली. मनात एकच चाललं होतं, ते वाक्य मला म्हणता येईल का. आणि त्याच्यासमोर जायचं तरी कोणत्या तोंडाने? त्याला खोटं सांगून बाहेर ओढणारी मीच.

चाळीखालच्या इस्त्रीवाल्याने मला पाहिलं आणि मी काही विचारायच्या आत वर बोट दाखवलं. "आपके साहब ना? रोज आते है. ऊपर जाके बैठते है. आज कुछ बोले नहीं, सीधे ऊपर गये."

तिसरा मजला रिकामा केलेला होता. गॅलरीत आडवे बांबू बांधले होते. बांबूखालून वाकून मी त्या खोलीशी गेले. भिंती अजून काळ्या. आत, मोरीच्या उंबऱ्याशी, दादा भिंतीला टेकून बसला होता. चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं ते ओळख नसल्यासारखं.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले. आधी "दादा, काही बरंवाईट" एवढं बाहेर आलं आणि मी थांबले. मग म्हणाले, "दादा, जीव द्यायचा विचार येतो का मनात?"

खाली कोणाच्या तरी घरात रेडिओ लागला होता. मग त्याने मान हलवली. "हो." आणि थोड्या वेळाने, "आज जास्त."

मला वाटलं होतं हे ऐकून मी रडेन. रडले नाही. भीती वाटली, अगदी पायांच्या तळव्यांपर्यंत. पण तो बोलला होता, आणि मी तिथे होते, आणि त्या क्षणी दुसरं काही महत्त्वाचं नव्हतं.

"कडीला हात लागला होता माझा," दादा म्हणाला. त्याने मोरीच्या दाराकडे पाहिलं. दार उरलं नव्हतं, चौकट होती. "या दाराच्या. मला कळलं की हे दार आहे. आणि वरून माळा आला. मी घाबरलो आणि मागे फिरलो. तुझी हाक नंतर आली. तुझी हाक आली तेव्हा मी उलट्या पावली निघालेलोच होतो. चौकशीत मी सांगितलं, हाक आली म्हणून आलो. तुझ्या पदराआड लपलो मी. तुला तोंड कसं दाखवणार?"

म्हणजे दोन महिने तो माझ्यापासून तोंड लपवत होता आणि मी त्याच्यापासून. शिट्टी वाजली की नाही याचं त्या घाबरण्यात त्याला भानच नव्हतं, मी खोटं बोलले होते हे त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं, दादा, हवा होती, मीही त्याच आवाजाला घाबरले होते. त्याचं अर्धं ओझं हलकं झालं असतं. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं ना, आपली कर्मकहाणी लादायची नाही! मी त्या नियमाचा आडोसा घेतला. खरं कारण सांगते, मला धीर झाला नाही.

मी खिशात हात घातला. तो जुना बिल्ला त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये, खिशात, कुठे ना कुठे असायचाच. मी तो तळहातावर ठेवून त्याच्यापुढे धरला.

"हा अजून माझ्याकडे आहे. माझ्या हिशेबाने तू बाहेर आलेला नाहीस."

"टाकून दे."

"मला नाही काढता येत. ज्याचा त्यानेच काढायचा. आणि तू घेईपर्यंत मी इथून हलणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे."

त्याने लगेच घेतला नाही. ऊन चौकटीतून सरकत भिंतीवर गेलं तोवर आम्ही तसेच बसलो होतो. माझा हात भरून आला, मी दुसऱ्या हाताने त्याला टेकू दिला. शेवटी त्याने बिल्ला घेतला, तो घ्यायचा म्हणून नाही, बहुतेक माझा हात दुखतोय म्हणून. पण घेतला.

पुढचं काही गोड नाही. मी डॉक्टरबाईंना तिथूनच फोन केला. वहिनींना बोलावून घेतलं, साहेबांना सांगितलं. सगळ्यांना सांगितलं म्हणून दादा माझ्यावर भयंकर भडकला आणि महिनाभर माझं नाव काढलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, रजा झाली, दर आठवड्याला बाईंकडे जाणं झालं. मसाल्याच्या डब्याची किल्ली तेवढी त्याने रजेत पहिल्यांदा स्टेशनात आला तेव्हाच खिळ्यावरून काढून नेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

रजेनंतर त्याला धुरात न पाठवता बोर्डावर ठेवलं, आणि मला आत जायला मिळालं. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते असं मिळालं. स्टेशनात एक रीत पडली. कोणी कोणाला मन मोकळं कर म्हणत नाही. ज्याला जड जातंय तो नुसता येऊन म्हणतो, "माझा बिल्ला लाव रे." मग दुसरा वेळ बघतो, बाजूला बसतो आणि ते सरळ वाक्य विचारतो. न हसता. माझ्याकडे असे किती तरी जण आले. मी कोणाकडे गेले नाही. मी बरी होते.

गेल्या पावसाळ्यानंतर दादरला एका जुन्या इमारतीत वर्दी होती. काही विशेष नाही, स्वयंपाकघरात तेल पेटलं होतं. पण धूर दाटला होता, म्हणून सिलिंडर लावून मी आत गेले. खोल्या तपासत गेले आणि शेवटी बाथरूमच्या दाराशी आले. बंद होतं. कडीला हात लागला आणि माझा हात तिथेच राहिला. आत कोणी नव्हतं, घरातले सगळे खाली उभे होते, हे मला माहीत होतं. तरी ते दार उघडायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

आत बादली होती, साबण होता. बाकी कोणी नाही.

मी बाहेर आले, मास्क काढला. दादा बोर्ड घेऊन उभा होता. बोर्डावर एकच बिल्ला, माझा.

"काढ गो," तो म्हणाला. "की मी आयुष्यभर हंयच उभो रवू?"

मी हात पुढे केला नाही. "नाही काढत. मी अजून आत आहे."

त्याचं हसू गेलं. त्याने बाकीच्यांना गाडीकडे पाठवलं. मग मी सांगितलं. "दादा, त्या दिवशी हवा संपली नव्हती. शिट्टीला अजून चार मिनिटं होती. मी खोटं बोलले. तिथे वर तुझ्याशेजारी बसले होते तेव्हाही सांगितलं नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं, ते मला पूर्ण वाचता आलं नाही. राग होता, तो नक्की दिसला. तो वळला आणि गाडीपर्यंत गेला. गाडीच्या दाराला हात लावून, पाठमोरा, तिथेच उभा राहिला. संपलं, असं मला वाटलं.

मग तो परत आला. बोर्ड मांडीवर घेऊन पायरीवर बसला, घड्याळ पाहिलं आणि माझ्या बिल्ल्यासमोर वेळ लिहिली. त्याचं अक्षर फार वाईट आहे.

"बस हंय," तो म्हणाला. "आणि खरा सांग गो. जीव द्यायचो विचार येता मनात?"

मी त्याच्याशेजारी बसले. आणि बरी आहे, असं म्हणाले नाही.